सायकलनं कामावर जायचं ठरतं, मग नेमकं कुठे अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिस आठ किलोमीटरवर आहे. वर्षापूर्वी हौसेनं गिअरची सायकल घेतलीत. पहिल्या आठवड्यात चार दिवस गेलात, दुसऱ्या आठवड्यात दोन, आणि महिना सरायच्या आत सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. कारणं तीन दिलीत. ऑफिसात पोचल्यावर येणारा घाम, घरच्यांना वाटणारी रहदारीची भीती, आणि एकदा ऐन निघायच्या वेळी निघालेलं पंक्चर. शेवटी विचारलंत, "ही कारणं खरी आहेत की मीच आळशी आहे?"

आळसाचं आधी निकालात काढतो. आळशी माणूस पहिल्या आठवड्यात चार दिवस जात नाही. मी बावीस वर्षं सायकलनं कामावर जातोय, आणि गेली दहा-बारा वर्षं नव्यानं सुरू करणाऱ्यांना पहिले काही दिवस सोबत करतो, त्यांच्या सायकलींची छोटीमोठी दुरुस्तीही करून देतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. जे कधी सुरूच करत नाहीत त्यांची अडचण वेगळी असते आणि जे सुरू करून सोडतात त्यांची वेगळी. पहिल्यांना रस्ता अडवतो. दुसऱ्यांना बहुतेक वेळा घराचं दार आणि ऑफिसचं दार अडवतं. तुम्ही सहा दिवस त्या रस्त्यावरून गेलात आणि धड परत आलात, म्हणजे तुमचं घोडं रस्त्यावर अडलेलं नाही. ते दोन्ही टोकांच्या पंधरा-पंधरा मिनिटांत अडलंय.

सोडलेला माणूस सांगतो ते कारण आणि खरं कारण यांत बरंच अंतर असतं, हे मी स्वतःवरून सांगतो. माझी पहिली सायकल अशीच काही महिने उभी होती. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "पावसात कसं जाणार?" खरं काय झालं होतं, तर सायकलला मडगार्ड नव्हते. पाऊस थांबलेला असतानाही ओल्या रस्त्यावरचं पाणी मागच्या चाकानं पाठीवर उडालं आणि कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ घेऊन मी एका बैठकीत जाऊन बसलो. ती लाज मला पुरून उरली. पावसाला मी काही करू शकत नव्हतो, मडगार्ड अर्ध्या तासात बसले असते. पण अडचणीचं नाव "पाऊस" ठेवल्यामुळे उपाय सुचायलाच तयार नव्हता. तुमच्या तिन्ही कारणांकडे मी त्याच नजरेनं बघणार आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. आठ किलोमीटर बहुतेकांना झेपतात. पंधराच्या पुढे गणित बदलतं आणि मोठा चढ असेल तर आठचंही बदलतं. वाटेत मुलांना सोडायचं असेल, रात्रपाळी असेल, गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर माझा सल्ला तसाच्या तसा घेऊ नका. आणि जायला एकच रस्ता असेल, त्यावर अवजड वाहनं वेगानं धावत असतील आणि कडेला हातभरही मोकळी जागा नसेल, तर मी कुणालाही "हिंमत करा" असं म्हणत नाही.

कारण रस्त्याची भीती हा मनाचा कमकुवतपणा नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या वाहतूक विभागात सायकलींचं काम पाहणाऱ्या रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये शहरातल्या लोकांचे ढोबळ चार गट मांडले होते. कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त जाणारे एक टक्क्याहून कमी, बऱ्यापैकी आत्मविश्वासानं चालवणारे ७ टक्के, काहीही झालं तरी सायकलला हात न लावणारे ३३ टक्के, आणि मधले ६० टक्के म्हणजे इच्छा आहे पण धास्ती वाटते असे. तो त्यांचा अनुभवावर आधारलेला अंदाज होता, मोजणी नव्हे. तरीही वर्षानुवर्षं लोकांना सोबत केल्यावर मला तो पटतो. माझ्याकडे येणारी जवळपास सगळी माणसं त्या साठातली असतात. नेदरलँड्समधले रस्तेही सायकलसाठी पहिल्यापासून आजच्यासारखे नव्हते. मोटारी वाढल्या तसे तिथे १९७१ मध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक लोक मेले, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. त्यानंतर "मुलांच्या हत्या थांबवा" अशा अर्थाच्या नावानं आईबाप रस्त्यावर उतरले, तेलाचा तुटवडा आला आणि हळूहळू रस्त्यांची आखणी बदलली. लोकांना धीर देऊन ते घडलेलं नाही. पण तुमचा रस्ता बदलेपर्यंत तुम्ही थांबायचं का, तर तसंही नाही. एक काम तुमच्या हातात आहे: वाट बदलणं.

नवखा माणूस सहसा ज्या रस्त्यानं गाडीवर जातो त्याच रस्त्यानं सायकलवरही निघतो. तुम्हीही तेच केलं असणार, कारण आपल्याला ऑफिसचा तो एकच रस्ता "माहीत" असतो. नकाशा उघडून आतल्या वस्त्यांमधून, शाळांच्या मागून, कालव्याच्या किंवा रेल्वेच्या कडेनं जाणारी वाट शोधा. दीड किलोमीटर वाढला तरी ताशी पंधराच्या वेगानं ती सहा मिनिटं होतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती वाट एकदा निवांत चालवून पाहा, आणि मग एकदा कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी. ही दुसरी फेरी लोक गाळतात. रविवारी सकाळी सातला शांत वाटणाऱ्या गल्लीत सोमवारी शाळेच्या बसगाड्यांनी नाकी नऊ येऊ शकतात. जाण्याची आणि येण्याची वाट एकच असायला हवी असंही नाही. दिवसा गोड वाटणारी सुनसान गल्ली अंधार पडल्यावर, विशेषतः एकट्या बाईला, नकोशी होते. मी सोबत केलेल्या बऱ्याच जणी सकाळी आतल्या वाटेनं जातात आणि संध्याकाळी मुद्दाम दिव्यांच्या, वर्दळीच्या रस्त्यानं परततात.

रस्त्यावर असताना दोन गोष्टी मी सोबतच्या माणसाला पहिल्याच दिवशी घोकून घ्यायला लावतो. पहिली, उभ्या मोटारींना खेटून चालवायचं नाही. उघडणारं दार तुम्हाला लागणार नाही एवढं अंतर, म्हणजे मीटरभर तरी, सोडायचं. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी ते अंतर विकायचं नाही. दुसरी, चौकात वळणाऱ्या ट्रक किंवा बसच्या आणि पदपथाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कधीही शिरायचं नाही. तिथे तुम्ही चालकाला दिसत नाही आणि वळताना गाडीचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून येतं. सिग्नलला दहा सेकंद मागे थांबलात तर काही बिघडत नाही. बाकी दिवे, चकाकणाऱ्या पट्ट्या, हेल्मेट हे सगळं हवंच, पण त्यावर मी वेळ घालवत नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

आता घरच्यांची भीती. घरच्यांच्या डोळ्यांसमोर त्यांना माहीत असलेला मोठा रस्ता असतो, तुमची नवी वाट त्यांनी पाहिलेलीच नसते. त्यामुळे वाद घालून उपयोग नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यापैकी एकाला त्या वाटेनं घेऊन जा, सायकलवर नाही जमलं तर दुचाकीवर, हळू. "इथून वळतो, इथे उतरून रस्ता ओलांडतो" असं दाखवा. उतरून ओलांडायला कमीपणा मानू नका, मी आजही एका चौकात उतरतो.

घामावर जरा सविस्तर लिहितो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. पायडल मारताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिचा साधारण चौथा भाग चाकापर्यंत पोचतो, उरलेल्याची उष्णता होते. सायकल चालू असते तोवर वारा ती उष्णता वाहून नेतो आणि घामही वाळवतो. तुम्ही थांबलात की वारा थांबतो, पण अंगातली उष्णता काही लगेच कमी होत नाही. म्हणून वाटेत ठीकठाक असलेला माणूस लिफ्टमध्ये निथळायला लागतो. तुम्ही लिहिलंय की "पोचल्यावर" घाम येतो, ते अगदी बरोबर निरीक्षण आहे.

उपाय त्यातूनच निघतो. वेग कमी करा, आणि शेवटचे दीड-दोन किलोमीटर तर रमतगमत चालवा. आठ किलोमीटर ताशी वीसनं चोवीस मिनिटं लागतात आणि ताशी पंधरानं बत्तीस. फरक आठ मिनिटांचा. पण हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, त्यामुळे वीसच्या वेगाला ती पंधराच्या दुपटीहून जास्त लागते. त्या आठ मिनिटांसाठी तुम्ही शर्ट भिजवत होता. नवखे लोक हमखास जोरात चालवतात, कारण त्यांच्या डोक्यात व्यायाम असतो. व्यायाम संध्याकाळी घरी येताना करा, तेव्हा पुढे अंघोळ आहे. सकाळी फक्त पोचायचं आहे.

पाठीवरची सॅक काढा. पाठीचा तेवढा भाग वाऱ्याला बंद होतो आणि तिथेच सगळ्यात जास्त भिजतं. मागे कॅरिअर बसवून सामान त्यावर टाका, माझ्या मते नव्या माणसानं करावा असा हा पहिला खर्च आहे, चकचकीत कपड्यांच्या कितीतरी आधी. ऑफिसात पोचल्यावर लगेच कपडे बदलू नका. दहा मिनिटं पंख्याखाली किंवा मोकळ्या हवेत थांबा, अंग निवू द्या, मग ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा आणि मग बदला. हा क्रम उलटा केला तर दुसरा शर्टही भिजतो आणि माणूस म्हणतो, "कपडे बदलूनही उपयोग नाही." ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जीवाणू त्यावर काम करतात तेव्हा तो येतो, त्यामुळे सकाळी अंघोळ करून धुतलेला शर्ट घालून निघालेल्या माणसाला तुम्ही समजता तेवढी काळजी करायचं कारण नसतं. स्पेनमधल्या सेविया शहरात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. तिथे २००६ पासून चार-पाच वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटरचे सलग, वेगळे सायकलमार्ग बांधले आणि सायकलवरच्या फेऱ्या कैक पटींनी वाढल्या. हवा तीच होती, घामही तोच. उन्हाचा त्रास नसतो असं मी म्हणत नाही. दुपारच्या पाळीला जाणाऱ्याला तो असतोच, आणि भर उन्हात मी स्वतःही कधीकधी बस धरतो.

पंक्चर. तुमचं पंक्चर "सकाळी निघतानाच" झालं असं लिहिलंय. ते बहुधा आदल्या संध्याकाळीच झालेलं होतं. बारीक काटा किंवा काचेचा कण रुतला की हवा रात्रभर हळूहळू जाते आणि सकाळी टायर जमिनीला टेकलेलं दिसतं. म्हणून टायर रात्री दाबून पाहायचं, सकाळी नाही. रात्री कळलं तर वीस मिनिटांचं काम आहे. सकाळी कळलं तर सायकलचा दिवस बुडतो आणि पुढचे तीन दिवसही, कारण दुरुस्ती "उद्या" वर जाते. ट्यूबमधली हवा पंक्चर नसतानाही थोडी थोडी कमी होत असते, तेव्हा आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी पंपानं भरा. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. हवा कमी असेल तर खड्ड्यात आदळताना ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडीची भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवाच कमी होती.

दुरुस्ती शिकून घ्या, पण रस्त्यावर नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच, घाई नसताना, चाक काढा, ट्यूब बदला आणि परत बसवा. जवळ एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून सोडवायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप असला की वाटेत ट्यूब चिकटवत बसायचं नसतं, बदलायची आणि जुनी घरी आणून चिकटवायची. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सांभाळून फिरवा. काटा आतच राहिला आणि नवी ट्यूब दोनशे मीटरवर गेली, हा धडा प्रत्येक जण एकदा तरी शिकतो.

तुम्ही न लिहिलेलं एक कारण मला संशयानं विचारायचंय. गुडघे दुखत होते का? दुकानात सीट सहसा एवढी खाली ठेवतात की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. नव्या माणसाला ते सुरक्षित वाटतं, पण गुडघा सतत दुमडलेला राहून त्यावर ताण येतो आणि माणूस लवकर दमतो. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ व्हावा, एवढी सीट वर घ्या. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघ्यात थोडीशी वाकण राहते. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय दोन दिवसांत होते. शिवाय जड गिअर टाकून रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा. एवढ्यानं आठ किलोमीटर सहा झाल्यासारखे वाटतात, अतिशयोक्ती नाही करत.

आता माझ्या मते मूळ मुद्दा. सकाळी सातला तुम्हाला सायकलसाठी किती निर्णय घ्यावे लागत होते? कपडे कुठले, पिशवीत काय, कुलपाची किल्ली कुठे, दिवा चार्ज आहे का, हवा आहे का, ढग आलेत का. गाडीसाठी एकच: किल्ली उचलायची. घाईच्या सकाळी माणूस कमी निर्णयांकडे झुकतो, त्यात आळसाचा संबंध नाही. म्हणून ते सगळे निर्णय आदल्या रात्रीवर ढकला. पिशवी भरून कॅरिअरला अडकवून ठेवा, किल्ली हेल्मेटमध्ये ठेवा, आणि जमत असेल तर गाडीची किल्ली कपाटात. सायकल मागच्या बाल्कनीत असेल आणि ती काढायला दोन कुंड्या सरकवाव्या लागत असतील, तर ती जागा आधी बदला. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण सोबत केलेल्यांपैकी जे टिकले त्यांच्यात मला हा एक समान धागा दिसतो.

रोज जायचं असं ठरवू नका. आठवड्याचे दोन वार ठरवा, समजा मंगळवार आणि गुरुवार, आणि त्याच दिवशी जा. "जमेल तेव्हा जाऊ" म्हटलं की रोज सकाळी नव्यानं वाद होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी सवयी कशा जडतात ते तपासलं, तेव्हा एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. त्यातला मला उपयोगी वाटलेला भाग असा की एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नव्हतं. तुमचं दोनवरून शून्यावर जाणं मला तिथेच झालेलं दिसतं. पंक्चरचा दिवस चुकला, मग "मोडलंच आता" असं वाटलं असणार.

ऑफिसात सायकल कुठे ठेवायची हे तुम्ही लिहिलं नाही, पण विचारून घ्या. फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही एका पक्क्या, जमिनीत रोवलेल्या वस्तूला कुलपानं बांधता येईल अशी जागा हवी, माणसांच्या नजरेतली. वरिष्ठांना अर्ज करण्याआधी इमारतीची देखभाल पाहणाऱ्यांशी बोला. जिन्याखाली सायकलपुरती जागा आहे की नाही ते त्यांनाच माहीत असतं. सहकाऱ्यांच्या थट्टेचं आयुष्य साधारण दोन आठवडे असतं, त्यानंतर तेच तुम्हाला "कुठली सायकल घेऊ" म्हणून विचारतात.

हे सगळं करूनही वाटेतला चढच नडत असेल, तर पायडल मारताना मोटर हातभार लावते अशी ई-सायकल बघा. युरोपात त्यांची मोटर २५० वॅटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, अशी मर्यादा आहे. घामाचा प्रश्नही तिनं बराच सुटतो. ही लबाडी आहे असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण आठ किलोमीटर सपाट असतील तर आधी आहे त्या सायकलला संधी द्या.

ती वर्षभर उभी आहे म्हणता, तेव्हा लगेच मंगळवारी काढू नका. शनिवारी दोन्ही चाकांत पूर्ण हवा भरून रात्रभर ठेवा. टायरच्या बाजूला भेगा पडल्यात का ते पाहा, पडल्या असतील तर टायर बदला. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. चेन फडक्यानं पुसून तिला तेल द्या, आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून काढा, नाहीतर धूळ बसून तिची वाट लागेल. चाकांचे, सीटचे आणि हँडलचे नट घट्ट आहेत का तपासा. रविवारी सकाळी टायर दाबून पाहा. हवा टिकली असेल तर नवी वाट बघायला निघा. नसेल टिकली, तर ट्यूब बदलण्याचा पहिला सराव त्याच सकाळी होऊन जाईल.